मोठा शेजारी, छोटा देश आणि नाक दाबायचं गणित

कुठल्याही छोट्या गरीब देशाने शेजारच्या बलाढ्य देशाशी मोठा करार केला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते देश विकला, दुसरी म्हणते आता बघा विकास कसा धावतो, आणि गंमत म्हणजे दोघीही एकच आकडा नाचवत असतात, मदत किती अब्ज डॉलरची, त्यातलं लोन किती आणि फुकट किती. मला तर वाटतं या सगळ्यात तो आकडाच सगळ्यात कमी कामाचा. बघायचं असतं ते हे, की उद्या दोघांचं फिस्कटलं तर कुणाचं किती अडतं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात ना, तर करार झाल्यावर कुणाचं नाक कुणाच्या बोटांत आलं एवढं शोधलं तरी अर्धा करार समजतो.

युक्रेनचं बघा. जानेवारी २००९ मध्ये ऐन थंडीत रशियाने युक्रेनचा गॅस तोडला, दोन-तीन आठवडे, आणि युक्रेनमधून जाणाऱ्या पाईपांवर जगणारे युरोपातले बाकीचे देशही त्यात गारठले. ही आठवण ताजी असतानाच एप्रिल २०१० मध्ये खार्किव्ह शहरात एक डील झालं. रशिया गॅसवर हजार घनमीटरमागे १०० डॉलरपर्यंत सूट देणार, आणि बदल्यात क्रिमियातल्या सेवास्तोपोल बंदरात रशियन नौदलाला २०१७ नंतर आणखी २५ वर्षं राहू द्यायचं. तेव्हाच्या हिशोबाने अगदीच खुळ्यासारखं डील नव्हतं ते, तिजोरीत खडखडाट होता, कारखाने गॅसवर चालत होते आणि तो तळ तर सोव्हिएत काळापासून तिथेच होता. पण २०१४ साली रशियाने आख्खा क्रिमियाच गिळला, त्यात तिथे आधीपासून बसलेलं त्यांचंच सैन्य कामी आलं, आणि वर रशियाने सांगितलं की बंदर आता आमच्या जमिनीवर आहे, तर भाडं कसलं नि सूट कसली, करार रद्द. कुंपणाने शेत तर खाल्लंच, शेतमालकाचं भाडंही बुडवलं.

यात एक गोष्ट नीट बघून ठेवा, पुढे सारखी लागणार आहे. युक्रेनने जे दिलं ते पक्कं होतं, सैन्याला जागा, जी एकदा दिली की परत काढून घेणं महाकठीण. आणि जे घेतलं ते नळासारखं, दुसऱ्याने मनात आलं की बंद करावं असं. असा सौदा दिसला की थांबून दोनदा वाचायचा.

आता हे वाचून कुणाला वाटेल की मग मोठ्या शेजाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. तसं अजिबात नाही. गरीब देशाचा खरा त्रास काय असतो, त्याच्याकडे नदी असते, डोंगर असतो, कोळसा असतो, हात असतात, पण भांडवल नसतं, इंजिनियर नसतात, आणि माल तयार केलाच तर विकत घेणारं कुणी जवळ नसतं. शेजारी मोठा असेल तर या तिन्ही गोष्टी एकाच दारात मिळतात. भूतान हे याचं नेहमीचं उदाहरण, आठ लाखांच्या आतली लोकसंख्या, डोंगराळ देश, चोहोबाजूंनी जमीन. सत्तर-ऐंशीच्या दशकांत भारताने तिथे चुखा हा ३३६ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प बांधून दिला, ६० टक्के पैसे अनुदान, ४० टक्के कर्ज, आणि भूतानला लागून उरलेली सगळी वीज विकत घ्यायलाही भारतच. पुढे २००६-०७ मध्ये ताला आला, १०२० मेगावॅटचा. भूतानमध्ये शाळा आणि दवाखाने सरकार फुकट चालवतं, त्यामागे या विजेच्या पैशाचा मोठा हात आहे. जगातली कुठली बँक १९७० च्या दशकातल्या भूतानला एवढा पैसा आणि वर गिऱ्हाईकही देणार होती? त्यामुळे "फायदा फक्त मोठ्याचाच होतो" हे वाक्य मला आळशीपणाचं वाटतं.

फक्त इथेच धोक्याचं बीही आहे. सावकार, कंत्राटदार आणि गिऱ्हाईक, तिघंही एकच. चुखाच्या वेळी अटी मऊ होत्या, पुढच्या मोठ्या प्रकल्पांत गणित उलटं झालं, ३०-४० टक्के अनुदान आणि ६०-७० टक्के कर्ज. त्यातला पुनात्सांगछू-१ हा १२०० मेगावॅटचा प्रकल्प, त्याच्या धरणाच्या जागी २०१३ मध्ये डोंगराची कडच सरकली, काम रखडलं, खर्च फुगत गेला, आणि व्याजाचं मीटर काही डोंगर बघून थांबत नाही. चूक कुणाची हा वेगळा वाद, पण तिघंही एकच असले की छोट्याला भाव विचारायला दुसरं दुकानच उरत नाही, हा मुद्दा.

आणि पैशाची गाठ त्याहून बारीक असते. भूतानचं चलन आहे ङुल्ट्रम, त्याची किंमत भारतीय रुपयाला बांधलेली, एक ङुल्ट्रम म्हणजे एक रुपया. फायदा सरळ आहे, व्यापार बहुतेक सगळा भारताशी, मग दर रोज वरखाली होण्याची कटकट नाही, महागाईलाही एक लगाम राहतो. पण ङुल्ट्रम भूतान छापू शकतो, रुपया छापू शकत नाही. प्रकल्पांचं बांधकाम जोरात सुरू झालं, हातात पैसा आला, लोकांनी गाड्या घेतल्या, घरं बांधली, सगळा माल भारतातून, आणि २०१२ च्या सुमारास रुपयेच संपायला लागले. कागदावर अर्थव्यवस्था धावतेय आणि बँकेत शेजाऱ्याची नोट नाही, अशी विचित्र अवस्था. सरकारला गाड्यांची आयात थांबवावी लागली, घरांच्या आणि गाड्यांच्या कर्जांना लगाम घालावा लागला. यात भारताने काही दुष्टपणा केला नव्हता बरं का, ही नुसती रचनेची किंमत आहे. चलन बांधलं की आपला ब्रेक अर्धा दुसऱ्याच्या पायाखाली जातो.

दुष्टपणाचा संशय आला तो पुढच्या वर्षी. १ जुलै २०१३ पासून भूतानला मिळणारी गॅस सिलेंडर आणि रॉकेलवरची भारताची सबसिडी बंद झाली. १३ जुलैला भूतानमध्ये निवडणूक होती. भारताचं म्हणणं की जुन्या पंचवार्षिक योजनेची मुदत ३० जूनला संपली म्हणून असं झालं, तांत्रिक बाब. भूतानमध्ये बऱ्याच जणांनी मात्र असं जोडलं की तेव्हाचं सरकार चीनशी जरा बोलायला लागलं होतं म्हणून हा चिमटा. सत्ताधारी हरले, विरोधक आले, आणि ऑगस्टपासून सबसिडी परत सुरू. खरं काय ते दिल्लीतल्या फायलींना माहीत. पण आपण इथे मोठ्या शेजाऱ्याच्या घरात बसून वाचतोय, म्हणून एक गोष्ट आपल्याला मुद्दाम समजून घ्यावी लागते, मोठ्या देशातल्या एखाद्या कारकुनाने उशिरा केलेली सही छोट्या देशात राजकीय इशारा म्हणून वाचली जाते. आणि वाचणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण चूल त्याची विझलेली असते.

आता जरा गणिताकडे येऊ, सोपंच आहे. समजा छोट्या देशाची ८० टक्के निर्यात मोठ्याकडे जाते, आणि मोठ्याच्या एकूण आयातीत तो माल एखाद टक्का. भांडण झालं, व्यापार थांबला. नुकसान दोघांचं झालं हे खरंच, पण एकाची कंबर मोडली आणि एकाला जरा खरचटलं. दोघांनाही हे आधीपासून माहीत असतं, त्यामुळे व्यापार प्रत्यक्षात थांबवावाच लागत नाही, थांबवेन अशी शंका आली तरी पुरतं. मोठ्या देशाचा दबाव बहुतेक वेळा दिसतच नाही तो यामुळे, छोटा आधीच विचार करून गप्प बसतो. मराठीत यासाठी झकास शब्द आहे, मिंधेपणा.

मंगोलियाला हे चांगलंच माहिती आहे. एकीकडे रशिया, एकीकडे चीन, तिसरा शेजारीच नाही, समुद्र नाही, आणि कोळसा-तांब्याची बहुतेक सगळी निर्यात चीनला. नोव्हेंबर २०१६ मध्ये दलाई लामा तिथे जाऊन आले, मंगोलियातले बहुसंख्य लोक तिबेटी परंपरेचे बौद्ध, म्हणजे त्यांच्यासाठी हा निव्वळ धर्माचा विषय होता. चीनने कर्जाची बोलणी थांबवली, सीमेवरून जाणाऱ्या मालावर जादा शुल्क लावलं, आणि महिन्याभरात मंगोलियाच्या परराष्ट्रमंत्र्यांना सांगावं लागलं की या सरकारच्या काळात दलाई लामांना परत बोलावणार नाही. बंदूक नाही, सैन्य नाही, फक्त ट्रकची रांग.

पण ८० टक्के म्हणजे सगळीकडे सारखेच ८० टक्के असतात असंही नाही. मेक्सिकोची ८० टक्क्यांहून जास्त निर्यात अमेरिकेला जाते, १९९४ च्या नाफ्टा करारानंतर (अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा मुक्त व्यापार करार) हे घट्ट होत गेलं, आणि २०१९ मध्ये ट्रम्पनी स्थलांतरितांच्या मुद्द्यावरून सगळ्या मेक्सिकन मालावर ५ टक्के टॅरिफ लावायची धमकी दिली तेव्हा मेक्सिकोने आपले नॅशनल गार्ड सीमेवर नेऊन उभे केलेच. म्हणजे नाक दाबलं गेलं. तरी मेक्सिको मंगोलिया नाही, कारण गाडीचा एकेक पार्ट तयार होईपर्यंत ती सीमा अनेकदा ओलांडतो, मेक्सिकोतला कारखाना बंद पडला की अमेरिकेतली असेंब्ली लाईन काही दिवसांत थांबते आणि तिथल्या कंपन्याच वॉशिंग्टनला फोन लावायला लागतात. कच्चा माल विकणारा बदलता येतो, साखळीत गुंतलेला कारखाना एका रात्रीत बदलता येत नाही. म्हणून काय विकतो हे कुणाला विकतो याच्याइतकंच महत्त्वाचं. अर्थात याची दुसरी बाजू मेक्सिकोतल्या मक्याच्या छोट्या शेतकऱ्यांना विचारा, अमेरिकन सबसिडीवर पिकलेला स्वस्त मका आला आणि लाखो लोकांची शेती परवडेनाशी झाली. देशाला फायदा झाला या वाक्यात "देश" म्हणजे कोण हे कुणी सांगत नाही.

नेपाळवर तर आख्खी लेखमाला होईल. उघडी सीमा, व्हिसा नाही, नेपाळी माणूस भारतात येऊन काम करतो, राहतो, भारतीय सैन्याच्या गुरखा रेजिमेंट्समध्ये वर्षानुवर्षं भरती होत होता, नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाशी १.६० च्या दराने बांधलेला. एवढं मोकळं नातं जगात फार कमी देशांना मिळतं. आणि त्याच नेपाळने दोनदा नाक दाबल्याचा अनुभव घेतलाय. १९८८ मध्ये त्यांनी चीनकडून शस्त्रं घेतली, १९८९ च्या मार्चमध्ये व्यापार आणि ट्रान्झिटचे, म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीतून माल नेण्याचे, करार संपले ते भारताने वाढवले नाहीत, आणि सीमेवरचे बहुतेक सगळे नाके बंद झाले, उघडे ठेवले फक्त दोन. दुसऱ्यांदा २०१५ मध्ये. एप्रिलमध्ये भूकंपाने देश हादरलेला, सप्टेंबरमध्ये नवीन राज्यघटना आली, तराईतल्या मधेशी लोकांचं त्याविरुद्ध आंदोलन पेटलं, नाक्यांवर ट्रक अडकले. भारताने शेवटपर्यंत सांगितलं की आम्ही नाकेबंदी केलेली नाही, आंदोलनामुळे ट्रक जात नाहीत. नेपाळींना ते पटलं नाही. पेट्रोल नाही, गॅस नाही, औषधं नाहीत, हिवाळा तोंडावर, आणि हे जवळपास पाच महिने.

त्यातून भारताला काय मिळालं? मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी ट्रान्झिटचा करार केला. नाक दाबणाऱ्याला हा खर्च आधी दिसत नाही, एकदा दाबलं की समोरचा दुसरीकडून श्वास घ्यायची सोय शोधतो, महाग पडली तरी. ज्या पिढीने त्या रांगा पाहिल्या तिच्या मनातून ते जायला अजून बराच वेळ लागेल.

आणि तरीही २०१९ मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज अशी ६९ किलोमीटरची पेट्रोलियम पाईपलाईन सुरू झाली, भारतातून नेपाळला थेट डिझेल. टँकरचा खर्च वाचला, वेळ वाचला, भेसळ आणि गळती कमी झाली. अक्कलहुशारीने बघितलं तर नेपाळने नाही म्हणण्याचं काही कारणच नव्हतं. फक्त नळ कुठल्या बाजूला आहे हे दोघांनाही ठाऊक आहे, आणि म्हणूनच नुसत्या पाईपबरोबर साठवणुकीच्या टाक्या किती बांधल्या हेही विचारायचं असतं. महिनाभराचा साठा असलेला देश आणि आठवड्याचा साठा असलेला देश वाटाघाटीला बसतात तेव्हा त्यांचा आवाज वेगळा लागतो.

नेपाळच्या विजेचंही असंच एक बारीक कलम आहे. नेपाळ आता भारताला वीज विकतो, चांगली कमाई आहे, पण ज्या प्रकल्पात चिनी गुंतवणूक किंवा चिनी कंत्राटदार आहे त्याची वीज भारत घेत नाही. म्हणजे भांडण दिल्ली आणि बीजिंगचं, आणि कंत्राट कुणाला द्यायचं हे ठरतंय नेपाळच्या दरीत. मोठ्याशी जवळीक केली की त्याची भांडणंही माहेरच्या सामानासारखी घरात येतात.

कलमांचा विषय निघालाच आहे तर पॅराग्वेचं इताइपू धरण सांगायलाच हवं, माझ्या मते या विषयावर यापेक्षा चांगला धडा नाही. पाराना नदी ब्राझील आणि पॅराग्वेच्या मधून वाहते. २६ एप्रिल १९७३ ला दोघांनी करार केला की मिळून धरण बांधू, वीज निम्मी निम्मी. तेव्हा दोन्हीकडे लष्करी राजवटी. पॅराग्वेकडे पैसे नव्हते, तर कंपनीत टाकायचे त्याच्या वाट्याचे ५ कोटी डॉलरही ब्राझीलच्याच बँकेने उसने दिले. धरण झालं, आज त्याची क्षमता १४,००० मेगावॅट आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्या जलविद्युत केंद्रांपैकी एक, आणि एका गरीब देशाची त्यात चक्क अर्धी मालकी. फायदा केवढा, तर पॅराग्वेला वीज टंचाई म्हणून बाहेरून इंधन आणायची वेळच येत नाही.

आता बारीक अक्षरं. पॅराग्वेला स्वतःच्या निम्म्यातली थोडीच वीज लागायची, उरलेली विकायची तर करारात होतं की ती फक्त ब्राझीललाच द्यायची, तिसऱ्या कुणाला नाही, आणि बाजारभावाने नाही तर ठरलेल्या मोबदल्यावर. गंमत बघा, दोन देशांच्या विजेची फ्रीक्वेन्सी वेगळी, ब्राझील ६० हर्ट्झ आणि पॅराग्वे ५० हर्ट्झ, म्हणून धरणातली अर्धी यंत्रं या जातीची, अर्धी त्या जातीची, आणि पॅराग्वेच्या यंत्रांची वीज ब्राझीलला नेता यावी म्हणून खास डीसी लाईन (डीसीला फ्रीक्वेन्सीचा प्रश्नच नसतो) टाकली गेली, जी थेट साओ पावलोच्या बाजूला जाते. म्हणजे तारा टाकतानाच ठरलं होतं की ही वीज कुणाची. अनेक वर्षं पॅराग्वेत हा सल होता की आपल्या नदीवर ब्राझीलचे कारखाने चालतात आणि आपल्या हाती चिल्लर येते. २००९ मध्ये ब्राझीलचे अध्यक्ष लुला आणि पॅराग्वेचे अध्यक्ष लुगो यांनी तो मोबदला तिप्पट करायचं ठरवलं, वर्षाला १२ कोटी डॉलरवरून ३६ कोटी. लक्षात घ्या, युद्ध झालं नाही, करार मोडला नाही, समोर ऐकून घेणारं सरकार आलं आणि इकडे ठामपणे मागणारं, एवढंच.

आणि करारात एक शहाणपणाची ओळ होती, ५० वर्षांनी पैशाच्या अटी परत तपासायच्या. २०२३ मध्ये धरणाचं कर्जही फिटलं आणि ती मुदतही आली, आणि पॅराग्वे पहिल्यांदा बऱ्यापैकी ताठ मानेने टेबलावर बसला. पन्नास वर्षं फार झाली म्हणा, पंधरा-वीस असती तर दोन पिढ्यांचा हिशोब बदलला असता. पण मुदतच नसलेले करार बघितले की ही ओळ सोन्याची वाटते.

याच धरणावरून २०१९ मध्ये आणखी एक प्रकार झाला. मे महिन्यात पॅराग्वे सरकारने ब्राझीलशी वीजखरेदीचा एक कागद गुपचूप सही केला, पॅराग्वेला महाग पडेल असा. जुलैमध्ये तो बाहेर फुटला, परराष्ट्रमंत्र्यांना जावं लागलं, अध्यक्षांवर महाभियोगाची वेळ आली, आणि १ ऑगस्टला तो कागद रद्द केला तेव्हा कुठे ते वाचले. यातून काय दिसतं, तर मोठ्या शेजाऱ्याला छोटा देश पूर्ण वाकवावाच लागत नाही, चार-पाच खुर्च्या पटवल्या तरी भागतं. म्हणून करार संसदेत वाचला गेला का, अटी छापल्या गेल्या का, हे प्रश्न मला व्याजदराच्याही आधीचे वाटतात. जो करार गुप्त ठेवावा लागतो त्यात लपवण्यासारखं काही नसेल असं मानायला मन फार मोठं लागतं.

लेसोथोचं थोडक्यात सांगतो, खरं तर थोडक्यात सांगण्यासारखं नाही. हा देश चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला. १९८६ च्या जानेवारीत तेव्हाच्या वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने सीमा आवळल्या, कारण लेसोथोत नेल्सन मंडेलांच्या पक्षाचे लोक आसऱ्याला होते. तीन आठवड्यांत तिथल्या लष्कराने सरकार उलथवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाण्याचा मोठा करार झाला, लेसोथोच्या डोंगरातलं पाणी बोगद्यांतून जोहान्सबर्गच्या बाजूला न्यायचं आणि लेसोथोला त्याची रॉयल्टी. वाटाघाटी कित्येक वर्षं चालू होत्या, सही मात्र त्या बंडानंतर झाली. रॉयल्टी आजही येते, छोट्या तिजोरीसाठी ती मोठी रक्कम आहे. वरवर बघता तुम्ही म्हणाल की आता तर उलटं झालं, एवढ्या मोठ्या शहराचं पाणी लेसोथोच्या हातात, म्हणजे नाक त्यांचंही सापडलं. मलाही आधी असंच वाटायचं. पण १९९८ मध्ये लेसोथोत निवडणुकीवरून गोंधळ झाला, तिथल्या सरकारने मदत मागितली आणि दक्षिण आफ्रिकेचं सैन्य आत शिरलं, आणि त्याने पहिल्यांदा ताब्यात घेतलेल्या जागांपैकी एक होती कात्से धरण, जिथे लेसोथोचे सैनिक मारले गेले. मोठा आपल्यावर अवलंबून असला की तो आपल्याला सांभाळतो हे खरंय, फक्त सांभाळणं म्हणजे काय हे तो ठरवतो.

सैनिकी करारांत दोन भीती असतात आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध. एक, ऐनवेळी मित्र येणारच नाही. दोन, मित्र आपल्याला त्याच्या लढाईत ओढून नेईल. पहिलीचं उदाहरण आर्मेनिया. रशियाशी सीमा लागत नाही, मधे जॉर्जिया आहे, पण त्या भागातला दादा रशियाच. आर्मेनियात रशियन तळ, गॅसचं जाळं रशियन कंपनीचं, रेल्वे रशियन कंपनी चालवते, आणि रशियाच्या पुढाकारातल्या सामूहिक सुरक्षा करारात लिहिलेलं की एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर. सप्टेंबर २०२२ मध्ये अझरबैजानने थेट आर्मेनियाच्या हद्दीत मारा केला, आर्मेनियाने कराराची आठवण करून दिली, तिकडून आलं पाहणी पथक. वर्षभरात नागोर्नो-काराबाख, म्हणजे अझरबैजानमधला आर्मेनियन वस्तीचा डोंगराळ भाग, हातचा गेला, रशियन शांतिसैनिक तिथे हजर असताना एक लाखाहून जास्त आर्मेनियन लोक घरं सोडून निघाले. २०२४ मध्ये पंतप्रधान पाशिन्यान यांनी सांगितलं की त्या करारातला आमचा सहभाग आम्ही गोठवलाय. म्हणून सुरक्षा करार वाचताना क्रियापद बघा, "मदत करेल", "सल्लामसलत करेल" आणि "योग्य वाटेल ते करेल" यांच्यात आकाशपाताळाचा फरक आहे. आणि क्रियापद पक्कं असलं तरी करणाऱ्याला गरज वाटली पाहिजे, तो दुसरीकडे अडकलेला नसला पाहिजे. २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये गळ्यापर्यंत बुडाला होता.

दुसऱ्या भीतीचं उदाहरण बेलारूस. स्वस्त तेल-गॅसवर त्यांची अर्थव्यवस्था वर्षानुवर्षं चालली, आणि त्यांचे अध्यक्ष ल्युकाशेंको हे गडी काही कमी नव्हते, रशिया आणि युरोप दोघांना खेळवत सवलती काढायचे, छोट्यालाही हे जमू शकतं याचा तो नमुनाच. पण गॅसची थकबाकी आणि दराच्या वाटाघाटी करता करता २०११ पर्यंत देशातली पाईपलाईन कंपनी पूर्णपणे गॅझप्रॉम या रशियन सरकारी गॅस कंपनीच्या हातात गेली. २०२० च्या निवडणुकीनंतर लोक रस्त्यावर आले, युरोपने निर्बंध लावले, आणि खेळवायला दुसरा उरलाच नाही. लिथुआनियाच्या क्लाइपेडा बंदरातून जाणारं त्यांचं पोटॅश खत फेब्रुवारी २०२२ पासून अडलं. त्याच महिन्यात रशियन फौजा बेलारूसच्या जमिनीवरून युक्रेनमध्ये घुसल्या. बेलारूसने स्वतः सैन्य पाठवलं नाही, तरी निर्बंध त्यांच्यावरही बसले, आणि माल समुद्रापर्यंत न्यायला आता रशियाचीच बंदरं. एकेक दार बंद होत गेलं की उरलेल्या दाराचा मालक मागेल ते भाडं घेतो.

कर्जाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. लाओसमध्ये डिसेंबर २०२१ ला चीनच्या सीमेपासून व्हिएंतियानपर्यंत रेल्वे सुरू झाली, साधारण ६ अब्ज डॉलरची, दिवसभराचा घाटरस्ता चार तासांच्या आत आला, आणि ज्याने तो रस्ता बसने केलाय त्याला कुणी "कर्जाचा सापळा" वगैरे सांगायला गेलं तर तो हसेल. पण २०२२ च्या सुमारास देशाचं सरकारी कर्ज वर्षाच्या उत्पन्नाहून मोठं झालेलं, बाहेरच्या कर्जातलं जवळपास निम्मं चीनचं, आणि उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांच्या कंपनीत बहुमताचा हिस्सा चिनी कंपनीकडे गेलेला. चीनने हप्ते पुढे ढकलायला मुभा दिली. मुभा ही चांगलीच गोष्ट, फक्त ती दरवर्षी नव्याने मागायला जावं लागतं.

एक धोका मात्र फारसं कुणी मोजत नाही, तो म्हणजे मोठा शेजारी स्वतःच कोसळणं. परत मंगोलियाच. सोव्हिएत काळात मंगोलियाच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा मॉस्कोच्या मदतीचा होता. १९९१ मध्ये मॉस्कोच बुडालं, मदत बंद, सुटे भाग बंद, तंत्रज्ञ परत गेले, आणि मंगोलियात अन्नाचं रेशनिंग आलं. कुणी नाक दाबलं नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. त्यानंतर त्यांनी "तिसरा शेजारी" असं धोरणच आखलं, म्हणजे नकाशावर नसलेला शेजारी, जपान, अमेरिका, दक्षिण कोरिया, युरोप, भारत, सगळ्यांशी थोडं थोडं काहीतरी. २०१६ मध्ये त्याचा उपयोग किती झाला ते आपण वर पाहिलं, म्हणजे फार नाही. तिसरा शेजारी कितीही प्रेमळ असला तरी कोळसा विमानाने नेत नाही. पण चीनकडून मिळणाऱ्या कर्जाला पर्याय म्हणून दारं ठोठावायला जागा राहिली, आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीबरोबर जपान आणि दक्षिण कोरियाही मदतीच्या पॅकेजमध्ये आले.

म्हणून दुसऱ्या दाराची किंमत काढताना त्यातून किती माल जातो हे बघून चालत नाही. नेपाळने चीनशी केलेल्या ट्रान्झिट करारात चीनची चार बंदरं वापरायची सोय आहे, त्यातलं तिआनजिन हजारो किलोमीटर लांब, कोलकाता त्यामानाने शेजारच्या खोलीत. कुठला व्यापारी तिकडून माल आणेल? जवळपास कुणीच नाही. पण कोलकात्याच्या जोडीला नेपाळला विशाखापट्टणमचं बंदरही वापरायला मिळालं ते याच दिवसांत, २०१६ च्या फेब्रुवारीत. योगायोगही असेल.

आणि ते दार सांभाळणं किती अवघड आहे तेही बघा. चीनकडे जाणारा तातोपानीचा नाका २०१५ च्या भूकंपात बंद पडला तो २०१९ मध्ये उघडला. दुसरा रसुवागढीचा, तिथला मैत्री पूल जुलै २०२५ मधल्या पुरात वाहून गेला आणि सीमेवर उभे असलेले कंटेनर आणि नव्या गाड्याही त्यात गेल्या. दक्षिणेकडच्या नाक्यांवरून त्या दिवशीही ट्रक नेहमीसारखे येत होते.